हजेरी कोणाची आणि कशाची?

(एका गावच्या वाचनालयात तेथील शाळेच्या शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



चालकांनी फळ्यावर आजचा विषय "सरकारी पाळत आणि नागरिकांचे हक्क" असा भारदस्त शब्दांत लिहिला आहे. अक्षर सुरेख आहे. पण एवढा विषय तासाभरात पेलावयाचा तर वकील पाहिजे, आणि आम्ही पडलो शाळामास्तर. म्हणून त्यातला एकच तुकडा आम्ही कापून घेतो. चोरावर, दरोडेखोरावर, बॉम्ब करणाऱ्यावर सरकारने नजर ठेवावी की नाही, हा आमचा प्रश्न नाही. ती ठेवलीच पाहिजे. त्याकरिताच आपण कर भरतो. आमचा प्रश्न असा की, एखादा माणूस अमुक धर्माचा आहे, अमुक ठिकाणी प्रार्थनेस जातो, एवढ्याच कारणावरून त्याचे नाव पोलिसांच्या दप्तरात चढवावे काय? आणि चढविले तर त्यातून सरकारच्या हाती काय लागते, व त्या माणसाच्या हातचे काय जाते?

याचे उत्तर नुसत्या डोक्याने काढण्यापेक्षा, जेथे हा प्रयोग पुरेपूर करून झाला आहे तेथील हिशेबाची वही उघडून पाहावी, हे बरे. तो प्रयोग अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी झाला. त्याची गुप्त कागदपत्रे बाहेर आली, वरिष्ठ अंमलदारांच्या शपथेवर जबान्या झाल्या, वरच्या कोर्टापर्यंत दावे चालले. म्हणून एवढ्या लांबचे उदाहरण घेतले. शिवाय लांबच्या भांडणात आपले कोणी सोयरेधायरे गुंतलेले नसतात, त्यामुळे डोके थंड राहते. जवळच्या गोष्टीवर आम्ही मागाहून येणारच आहोत.

११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने आदळवून न्यूयॉर्कचे दोन उत्तुंग मनोरे पाडण्यात आले. एका सकाळी त्या शहरात सुमारे पावणेतीन हजार माणसे मेली. हे आम्ही आधी सांगतो, कारण पोलिसांना वाटलेली भीती खोटी नव्हती. ज्याचे घर एकदा जळाले त्याला शेजारच्या चुलीच्या धुराचेही भय वाटते. जानेवारी २००२ मध्ये पोलीस आयुक्त रेमंड केली यांनी डेव्हिड कोहेन नावाच्या गृहस्थांस शहर पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेचे उपायुक्त नेमले. या गृहस्थांचे सारे आयुष्य सी.आय.ए. या परदेशांत हेरगिरी करणाऱ्या खात्यात गेले होते. परक्या मुलखात हेर जसा वागतो तशी रीत त्यांनी आपल्याच शहरात, आपल्याच नागरिकांवर चालू केली.

त्यांच्या वाटेत एक अडचण होती. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पूर्वी राजकीय चळवळींतल्या लोकांवर अशीच पाळत ठेवली होती, आणि त्याविरुद्ध १९७१ साली बार्बरा हँडशू नावाच्या वकीलबाई व इतर काही मंडळींनी दावा लावला होता. तो दावा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८५ साली त्यात तडजोडनामा झाला. त्याचा मतलब असा की, गुन्ह्याची नेमकी माहिती हाती असल्याखेरीज पोलिसांनी कोणाच्याही राजकीय वा धार्मिक हालचालींचा तपास करू नये, आणि तपास करावयाचा तर लेखी परवानगी घ्यावी. कोहेनसाहेबांनी कोर्टास सांगितले की, आता काळ बदलला, हे दोर सैल करा. २००३ साली न्यायाधीश चार्ल्स हेट यांनी ते बरेचसे सैल केले. ते सैल होताच बैल कोणत्या रानात शिरला, ते आता ऐका.

२००३ सालीच "डेमोग्राफिक्स युनिट" नावाची एक छोटी तुकडी उभी राहिली. नाव शिरगणती खात्यासारखे निरुपद्रवी. तीत निरनिराळ्या भाषा जाणणारे सुमारे सोळा पोलीस होते. त्यांच्या हाती अठ्ठावीस देशांची व वंशांची एक यादी दिली होती. तीत मिसर, पाकिस्तान, बांगलादेश, येमेन होते. आपल्या हिंदुस्थानचेही नाव होते. आणि पिढ्यान् पिढ्या अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या मुसलमानांसाठी निराळा रकाना होता. या पोलिसांनी साध्या वेषात चहाच्या दुकानांत, खाणावळींत, न्हाव्याच्या दुकानांत, पुस्तकांच्या दुकानांत, खाटकाकडे जाऊन बसावयाचे आणि टिपण करावयाचे. मालक कोणत्या देशाचा, गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलते, भिंतीवर कसली पत्रके डकवली आहेत, दूरदर्शनवर कोणती वाहिनी लागली आहे. हे लोक क्रिकेट कोठे पाहतात, हेही टिपले जाई! आपल्या गावी असे टिपण करावयाचे झाले तर अर्धा गाव चावडीवर हजर करावा लागेल.

कोणी म्हणेल, हे देशांवरून होते, धर्मावरून नव्हे. तर त्याचा निकाल त्यांच्याच कागदांत लागलेला आहे. मिसरी लोकांच्या टिपणात पोलिसांनीच लिहिले आहे की, शहरातील मिसरी लोकांत ख्रिस्ती कॉप्ट अधिक आहेत. आणि तरीही नकाशात दुकाने दाखविली ती मुसलमानांची. सीरियाच्या लोकांत यहुदी अधिक, तरी टिपण मुसलमानांचे. एकाच देशाची दोन माणसे एकाच गल्लीत दुकाने मांडून बसलेली. एकाचे नाव वहीत चढले, दुसऱ्याचे चढले नाही. फरक एवढाच की दोघे निरनिराळ्या देवाघरी जात.

दुकानांवर हे लोक, तर मशिदींत खबरे. मशिदीत जाऊन बसणाऱ्या खबऱ्यांस पोलिसांच्या बोलीत "मॉस्क क्रॉलर" म्हणत, म्हणजे मशिदीत सरपटणारे. वस्तीत फिरणाऱ्यांना "रेकर", म्हणजे निखारे उकरणारे, हे नाव होते. शब्दावरूनच मनातली कल्पना कळते: राखेखाली विस्तव आहेच, असे धरून चालावयाचे. २००६ साली डेन्मार्कमधील व्यंगचित्रांवरून गलबला झाला, तेव्हा कोणत्या मशिदीत इमाम काय बोलला याची टिपणे आली. लोकांनी शांत राहावे असे सांगणाऱ्यांचे बोलणेही टिपले गेले. त्याच वर्षी एका नामांकित बेसबॉल खेळाडूचे लहान विमान न्यूयॉर्कातील इमारतीवर आदळले. तो निव्वळ अपघात होता, घातपाताचा संबंधही नव्हता. तरी मशिदींतून लोक त्याविषयी काय बोलले, याचे अहवाल पोलिसांनी गोळा केले. पुढे २०१३ साली बाहेर आलेल्या कागदांवरून दिसले की, निदान डझनभर मशिदींस पोलिसांनी सबंधच्या सबंध "दहशतवादी संघटना" समजून त्यांवर तपास उघडले होते. मशीद हीच आरोपी ठरली म्हणजे तेथे शुक्रवारी नमाजाला येणारा म्हातारा, त्याचे जोडे सांभाळणारा पोरगा, सगळेच तपासाच्या जाळ्यात आले.

विद्यार्थ्यांची गोष्ट आम्हांस मास्तर म्हणून अधिक लागते. २००८ साली तेथील सिटी कॉलेजातील मुसलमान विद्यार्थ्यांची एक सहल नदीत होड्या वल्हवण्यासाठी गेली होती. पोरेच ती, खळाळत्या पाण्यात भिजावयास गेली होती. त्यांच्याबरोबर विद्यार्थी म्हणून एक गुप्त पोलीस होडीत बसला, आणि परत आल्यावर त्याने अहवाल दिला की, ही मुले दिवसातून निदान चार वेळा प्रार्थना करीत होती व त्यांचे बरेचसे बोलणे धर्माविषयी होते. आता पंढरीच्या वाटेवर एखाद्या पोलिसाने टिपण करावे की, "हे लोक वारंवार टाळ वाजवितात व त्यांचे बरेचसे बोलणे विठ्ठलाविषयी असते," तर आपण त्याला हसू. त्या अहवालाला कोणी हसले नाही. तो फायलीत गेला.

दुसरा प्रकार याहून वाईट. बंगाली घराण्यातील एका एकोणीस वर्षांच्या पोरास क्षुल्लक अमली पदार्थाच्या प्रकरणांत धरले होते. त्याला पोलिसांनी खबऱ्या केले आणि महिन्याकाठी हजार डॉलरपर्यंत पैसे दिले. २०१२ साली त्याने वर्तमानपत्राच्या बातमीदारांस स्वतःच सांगितले की, त्याला शिकविलेली रीत अशी होती: आधी आपण होऊन जिहाद, दहशतवाद असले काही बोलणे काढावयाचे, समोरचा काय उत्तर देतो ते पकडावयाचे, आणि पोलिसांस कळवावयाचे. हा पोरगा ज्या मुलांत जेवला, निजला, त्यांच्याच नावांचे टिपण देत होता. अखेर त्यालाच शरम वाटली आणि त्याने ते काम सोडले.

हे सर्व उजेडात आणले ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी, ऑगस्ट २०११ पासून. त्या कामाबद्दल त्यांना २०१२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. असोसिएटेड प्रेसने छापले नसते तर हे दप्तर कोणाला दिसले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आता हिशेब. एवढ्या खटाटोपातून धरले किती? २८ जून २०१२ रोजी हँडशू दाव्यात त्याच गुप्तवार्ता शाखेचे प्रमुख अंमलदार थॉमस गलाटी यांची शपथेवर जबानी झाली. त्यांनी कबूल केले की, आपण २००६ पासून या शाखेत आहोत, आणि इतक्या वर्षांत या तुकडीच्या टिपणांतून एकही दहशतवादाचा तपास सुरू झालेला नाही. एकही नाही! हे त्यांच्या विरोधकाचे म्हणणे नव्हे, खात्याच्या अधिकाऱ्याची साक्ष आहे. याच जबानीत एका टिपणाविषयी विचारणा झाली. दोन माणसे खाणावळीत बसून विमानतळावर आपल्याला कसे वागवतात याची गाऱ्हाणी उर्दूत सांगत होती. यात लिहून ठेवण्यासारखे काय? तर ती उर्दूत बोलत होती, हेच.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असे आपल्यात म्हणतात. येथे संन्यासीच काय, त्याचा चहावालाही सुळीच्या यादीत. आणि चोर? १ मे २०१० रोजी न्यूयॉर्कच्या ऐन गर्दीच्या टाइम्स स्क्वेअर चौकात बॉम्ब भरलेली मोटार उभी करण्यात आली. ती करणारा मुसलमानच होता, हे लपविण्याचे कारण नाही. तो शेजारच्या कनेक्टिकट राज्यात राहत होता, आणि इतक्या नकाशांतून व टिपणांतून तो कोणाला दिसला नाही. मोटारीतून धूर निघतो आहे हे दिसले ते रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना. त्यांनी जवळच्या पोलिसाला हाक मारली आणि पुढचा अनर्थ टळला. धूर पाहणाऱ्या त्या फेरीवाल्यांत सेनेगाल देशाहून आलेला एक मुसलमान फेरीवाला होता. हा मनुष्य लक्षात ठेवा; त्याच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नगराध्यक्ष ब्लूमबर्ग आणि आयुक्त केली यांचे म्हणणे शेवटपर्यंत असे होते की, आम्ही कायद्याच्या आत राहिलो, आणि २००१ नंतर शहर सुरक्षित राहिले ते आमच्या जागरूकतेने. गुप्त पोलिसांनी काही खरे कट पकडले, हेही आहे. २०१५ साली दोन बायकांना बॉम्बच्या तयारीबद्दल धरले आणि २०१९ साली त्यांनी गुन्हा कबूल केला. त्या प्रकरणात काम करणारी गुप्त पोलीस बाई तीच होती, जिने ब्रुकलिन कॉलेजात मुसलमान झाल्याचे सोंग आणून मुलींशी मैत्री जोडली होती, असे वर्तमानपत्रांत आले. पण नीट पाहा. ज्या दोघींविरुद्ध पुरावा होता त्यांच्यावर नजर ठेवणे हे पोलिसांचे कामच. कॉलेजातल्या ज्या मुलींचा त्यात काडीइतका संबंध नव्हता, त्यांच्या पंगतीला ती वर्षानुवर्षे का बसली? त्या मुलींनी आता नवी मैत्रीण करावयाची ती कोणत्या भरवशावर?

यातून जे गेले ते पैशात मोजता येत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कायदा महाविद्यालयातील मंडळींनी इतर संस्थांबरोबर २०१३ साली लोकांच्या मुलाखती घेऊन एक अहवाल काढला. त्यात दिसते की, मशिदीत लोक राजकारणाची गोष्ट काढीनासे झाले, नवीन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहू लागले, आणि विद्यार्थी सभासंमेलनांपासून दूर राहू लागले. ब्रुकलिनमधील एक इमाम तर पोलिसांस साह्य करणारा होता, नगराध्यक्षांच्या पंगतीस बसलेला. त्याच्यावरही पाळत होती. मग पुढच्या वेळी नगराध्यक्षांनी सर्वधर्मीयांस फराळास बोलाविले, तेव्हा कित्येक मुसलमान पुढारी गेले नाहीत. मार्च २०१२ मध्ये शेजारच्या नेवार्क शहरी एफ.बी.आय. या केंद्रीय तपास खात्याच्या तेथील कचेरीच्या प्रमुखानेच उघड सांगितले की, न्यूयॉर्क पोलिसांच्या या उद्योगाने लोकांचा विश्वास उडाला आणि आमचे काम अवघड झाले. म्हणजे ज्या विहिरीतून खबर यावयाची, तीच यांनी बुजविली.

येथे कोणीतरी म्हणणारच, किंबहुना मागच्या बाकावरची कुजबूज आम्हांस ऐकू येत आहे: "ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय? लिहीनात का नाव!"

गृहस्थहो, आमचा सारा जन्म हजेरीच्या वहीत गेला. वही म्हणजे काय चीज आहे ते थोडेफार आम्हांस कळते. शाळेचा हजेरीपट सगळ्यांचा असतो, एकाच आळीच्या पोरांचा नसतो. तो उघड असतो. पोराचे नाव चुकले तर बाप येऊन दुरुस्त करून घेतो. आणि पोरगे आले नाही तर त्याची चौकशी करावी, एवढ्याकरिता तो असतो. पोलिसांची ती वही तिन्ही बाबतींत उलटी. ती एकाच आळीची, ती दिसत नाही, आणि तीत काय लिहिले हे कळत नसल्याने खोडावयास सांगता येत नाही. "चार वेळा नमाज पढला" हे वाक्य घरात बोलले तर त्याचा अर्थ तो भाविक आहे असा. पोलिसांच्या वहीत लिहिले की त्याचाच अर्थ तो संशयित आहे असा होतो. माणसाने काही केलेले नसते. वही बदलली, एवढेच.

आणि आमच्या या मुलखात हे नवीन नाही. अशी हजेरी आपण पाहिली आहे. आपल्यातल्या काहींच्या आज्यांनी दिली आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू करता आला. पारधी, कैकाडी, भामटे यांच्यासारख्या जातीच्या जाती गुन्हेगार ठरल्या. पोर जन्मास आले की जातीने गुन्हेगार! नावे नोंदवावी, बोटांचे ठसे द्यावे, ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजर राहावे, गावाबाहेर जाणे तर पास घ्यावा. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. तेथे धर्माऐवजी जात होती. बाकी रीत तीच, की कृत्य पाहावयाचे नाही, जन्म पाहावयाचा. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना द्यावी लागणारी हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली, तेव्हाही "मग चोऱ्या वाढतील" असे म्हणणारे शहाणे होतेच. ब्रिटिशांचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र हिंदुस्थानात रद्द झाला. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिली धाव अजून पालावरच का जाते, याचा विचार आपण आपल्या मनाशी करावा. वही जळली तरी वहीतली सवय जळत नाही.

आपल्या कोर्टांनीही या गोष्टीचा विचार केलेला आहे. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसाच्या दाव्यात, १९६२ साली, पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्याही पुढे जाऊन म्हटले की, पाळतीचा तो सारा नियमच घटनेत बसत नाही. पण ते अल्पमतात पडले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. तो हक्क मुंबईच्या बंगल्यातल्या माणसाला आहे तितकाच पालात राहणाऱ्यालाही आहे.

न्यूयॉर्कचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. नव्या नगराध्यक्षांच्या व नव्या आयुक्तांच्या अमदानीत एप्रिल २०१४ मध्ये ती तुकडी मोडण्यात आली. नदीपलीकडील न्यू जर्सीच्या मुसलमानांनी दावा लावला होता. फिर्यादींत अमेरिकन लष्कराचा एक राखीव शिपाई होता. इराकच्या लढाईत जाऊन आलेला. आपल्या नोकरीवर डाग येईल या भीतीने त्याने मशिदीत जाणे कमी केले होते. देशाकरिता लढावयास चालतो, देवापुढे बसावयास चालत नाही! खालच्या कोर्टाने फेब्रुवारी २०१४ मध्ये दावा फेटाळला, आणि कारण दिले ते असे की, तुमचे नुकसान झाले असेल तर ते बातमी छापणाऱ्याने केले, पाळत ठेवणाऱ्याने नव्हे. हा न्याय म्हणजे, घरफोडी झाल्याचा दोष आरडाओरड करणाऱ्यावर ठेवण्यासारखा झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरविला, आणि महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना असेच सरसकट संशयित ठरविल्याची आठवण दिली. एप्रिल २०१८ मध्ये तडजोड झाली. फिर्यादींस मिळाले सुमारे पाऊण लाख डॉलर. वकिलांचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी. पण केवळ धर्मावरून पाळत ठेवणार नाही, हे पोलिसांना लिहून द्यावे लागले.

हँडशूच्या जुन्या दाव्यात त्याहून कामाची गोष्ट झाली. २०१६ साली पोलीस खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकाने तपासांची कागदपत्रे चाळली, तेव्हा आढळले की, या प्रकारच्या तपासांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुसलमानांविषयीचे होते, आणि निम्म्याहून अधिक वेळा मुदत संपून गेल्यावरही तपास परवानगीवाचून चालू राहिले होते. त्याच वर्षी दोन्ही पक्षांनी मांडलेली तडजोड न्यायाधीश हेट यांनी अपुरी म्हणून परत पाठविली. हेच ते गृहस्थ, ज्यांनी २००३ साली दोर सैल केले होते. मग मार्च २०१७ मध्ये पक्का तडजोडनामा मंजूर झाला. आता पोलिसांच्या त्या समितीत खात्याबाहेरचा एक वकील बसतो. नियम मोडलेले दिसले तर तो थेट न्यायाधीशांस कळवू शकतो. तपासांना मुदत आहे. पाळत बंद झाली नाही, होणारही नाही. पण पाळत ठेवणाऱ्यावर एक परका डोळा बसला.

आता जवळची गोष्ट. गेल्या ग्रामसभेत एक सूचना निघाली, ती तुम्हा सर्वांच्या कानांवर आहे. आपल्या आठवड्याच्या बाजारात बाहेरगावचे मुसलमान फेरीवाले येतात: बांगड्यांचे मणेर, फळांचे बागवान, गाद्यांचा कापूस पिंजणारे पिंजारी. "दिवस बरे नाहीत," म्हणून त्यांची नावे, गावे, गाडीचे नंबर एका निराळ्या वहीत लिहून ठेवावेत, आणि मास्तरांचे अक्षर चांगले म्हणून ते काम मास्तरांनी करावे. सरकारने सांगितलेले नाही, पोलिसांनी मागितलेले नाही. न्यूयॉर्कात ते काम करावयास निदान पगारी माणसे होती. येथे आपण आपल्या खर्चाने वही विकत आणली. शंभर पानी आहे. आमच्या टेबलावर येऊन पडली आहे.

या बाजारात मणेर मावशीकडून ज्यांच्या घरातल्या लेकींनी चुडा भरला नाही असे एक घर आम्हांस दाखवा. पिंजारी चाचांच्या बापाने पिंजलेल्या गादीवर आमचे वडील निजले. त्यांच्यापैकी कोणी खोटे वजन लावले, चोरीचा माल विकला, पोरीबाळींशी वावगे वागले, तर ते नाव, ती तारीख आणि ते कृत्य आम्ही स्वतः लिहून पोलीस ठाण्यात देऊ, आणि असाच दुसऱ्या कोणत्याही धर्माचा माणूस निघाला तर त्याचेही देऊ. पण बाजारात धूर निघाला तर तो प्रथम कोणाला दिसणार? जो दिवसभर तेथे उभा असतो त्याला. तो आपल्याला हाक मारील की, आपले नाव आधीच वहीत आहे म्हणून गाठोडे उचलून निघून जाईल, हे आपण आज ठरवीत आहोत.

बाजाराच्या नोंदीस आमची ना नाही. ग्रामपंचायत जागेचा कर घेते, पावती फाडते. त्या पावतीवर सगळ्यांचीच नावे घाला: भाजीवाल्या माळणीचे, कासाराचे, बागवानाचे, कपडेवाल्या शेटजींचे. नाव, माल, भरलेली रक्कम; धर्माचा रकाना नको. आणि ती नोंद पंचायतीच्या टेबलावर उघडी राहू द्या, ज्याला पाहावयाची तो पाहील.

ती शंभर पानी वही आम्ही येत्या ग्रामसभेत कोरीच परत करणार आहोत. ज्यांना ती लिहून हवी असेल त्यांनी तसा ठराव आपल्या सहीने मांडावा, बाजाराच्या दिवशी मांडावा, आणि ज्यांची नावे चढवावयाची त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावा. आमचे बोलणे संपले. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर मागच्या बाकावरचे प्रश्न आता घेऊ.